सेश वन: एका धावपटूच्या करारातून निघालेला बूट

२०२२ च्या फेब्रुवारीत माझे बाळंतपण झाले. त्यानंतर दोन महिन्यांनी, साताऱ्याहून मदतीला आलेली आई माझ्या पायांना तेल लावत असताना, जोडवी बोटांत रुतल्याचे तिच्या लक्षात आले. "बाळंतपणात बाईचा पाय पसरतो गं, माझाही पसरला होता," असे म्हणून तिने साबणाच्या पाण्याने जोडवी सोडवली आणि कपाटात ठेवून दिली. मी मात्र त्याच संध्याकाळी वहीचा कागद जमिनीवर ठेवला आणि लहानपणी वडील बाजारात जाण्याआधी आमच्या पावलांचे माप घेत तशी पेन्सिलीने पावलाभोवती रेघ ओढली. कागद कापून जुन्या बुटातल्या गादीवर ठेवला, तर टाचेला टाच लावूनही अंगठ्यापाशी तो चार-पाच मिलिमीटर पुढे येत होता आणि चवड्यापाशी दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावत होता. तोच जुना बूट गेले काही आठवडे माझ्या करंगळीला चावत होता, आणि मी त्याचा दोष बाळंतपणातल्या सुजेला देत होते.

त्यानंतर घेतलेल्या जोडाविषयी हे परीक्षण आहे. बुटाचे नाव ‘सेश वन’. तो अमेरिकी धावपटू अ‍ॅलिसन फेलिक्स हिने आपला भाऊ वेस याच्याबरोबर २०२१ मध्ये सुरू केलेल्या ‘सेश’ या कंपनीचा पहिला बूट आहे, आणि मी तो २०२२ च्या शरदात कंपनीच्या संकेतस्थळावरून घेतला तेव्हा त्याची किंमत १५० डॉलर होती, कर वेगळा. रोजच्या वापराची दोन वर्षे पूर्ण झाल्यावर मी हे लिहीत आहे, त्यामुळे नव्या बुटाच्या कौतुकाचा भर ओसरलेला आहे. माझे मत आधीच सांगते: चालण्यासाठी आणि दिवसभर उभे राहण्यासाठी मी आजवर वापरलेल्या बुटांत हा सर्वांत चांगला आहे, पळण्यासाठी तो नाही आणि तसा तो कंपनीने बनवलेलाही नाही, आणि त्याची किंमत केवळ बूट म्हणून पाहिली तर जास्त वाटते. पण केवळ बूट म्हणून त्याच्याकडे पाहणे मला जमलेले नाही, कारण त्याची मालकीण ज्या वर्षी जगापुढे आली त्याच सुमारास मीही साताऱ्याच्या शाहू स्टेडियमवर फक्कीने आखलेल्या रेषांमधून अनवाणी २०० मीटर पळत होते.

फेलिक्सचा जन्म १८ नोव्हेंबर १९८५ चा, लॉस एंजलिसचा. शाळेत तिला ‘कोंबडीचे पाय’ म्हणून चिडवत, इतके ते बारीक होते. त्याच मुलीने शाळा संपायच्या आत जमिनीवरून सुमारे १२० किलोचे वजन उचलून दाखवले होते. २००३ मध्ये, सतरा वर्षांची असताना, मेक्सिको सिटीत तिने २०० मीटर २२.११ सेकंदांत पार केले. त्याच वर्षी तिने महाविद्यालयीन स्पर्धांत उतरण्याऐवजी थेट आदिदासबरोबर करार केला. बूट बनवणाऱ्या कंपनीने त्या करारात तिच्या विद्यापीठाच्या शिक्षणाचा खर्चही उचलला, आणि पुढे तिने प्राथमिक शिक्षणशास्त्रात पदवी घेतली. आपल्याकडे धावपटू म्हटला की रेल्वेची किंवा पोलिसांतली नोकरी डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत तशी नोकरी नसते. तिथल्या धावपटूला पगार म्हणून जे मिळते ते बहुतेक वेळा बुटाच्या कंपनीकडून, आणि ते कराराच्या अटींवर. अटी काय, तर अमुक इतक्या स्पर्धांत उतरायचे, क्रमवारीत अमुक क्रमांकाच्या खाली घसरायचे नाही. घसरल्यास रक्कम कापली जाते. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली नाही तर पुढचे काहीच उलगडत नाही.

अथेन्स ऑलिंपिक, २००४. वसतिगृहातल्या टीव्हीवर आम्ही चौघी-पाचजणी बसून २०० मीटरची अंतिम शर्यत पाहिली होती. वळणावरून सरळ पट्टीत येताना जमैकाची व्हेरोनिका कॅम्पबेल पुढे होती आणि तिच्यामागे अठरा वर्षांची एक सडपातळ मुलगी, चेहऱ्यावर ताण न दिसता, लांब टांगा टाकत येत होती. तिने २२.१८ सेकंदांत रौप्यपदक घेतले. तेव्हा आम्हा सगळ्यांचे लक्ष तिच्या खांद्यांकडे गेले होते. आमचे खांदे शेवटच्या पन्नास मीटरमध्ये कानापर्यंत चढत आणि सर मैदानाबाहेरून "खांदे खाली, खांदे खाली" असे ओरडत. तिचे खांदे जागचे हलत नव्हते.

त्यानंतर २००५ ला हेलसिंकी, २००७ ला ओसाका आणि २००९ ला बर्लिन अशा लागोपाठ तीन जागतिक स्पर्धांत तिने २०० मीटरचे सुवर्ण घेतले, पण मधल्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पुन्हा कॅम्पबेलच पुढे गेली. तीन वेळा जगज्जेती असलेल्या या मुलीकडे ऑलिंपिकचे वैयक्तिक सुवर्ण यायला २०१२ उजाडले. त्या लंडनच्या वर्षाची सुरुवातही विचित्र झाली. अमेरिकेच्या निवड चाचणीत १०० मीटरमध्ये तिसऱ्या क्रमांकासाठी ती आणि जेनेबा टार्मो सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत बरोबरीत सुटल्या. दोघींचा गुरू एकच, बॉबी कर्सी. पुन्हा धावण्याचे ठरले, टार्मोने माघार घेतली आणि फेलिक्सला जागा मिळाली. लंडनमध्ये १०० मीटरमध्ये ती पाचवी आली, २०० मीटर २१.८८ सेकंदांत जिंकली आणि दोन्ही रिलेंची सुवर्णपदकेही घेतली. त्यांपैकी ४ बाय १०० ची वेळ ४०.८२ सेकंद हा जागतिक विक्रम होता.

पदकांची यादी इथेच थांबवते, कारण माझ्या दृष्टीने या कारकिर्दीतला खरा ऐवज तिच्या हुकलेल्या क्षणांत आहे. २०११ मध्ये देगूच्या जागतिक स्पर्धेत ४०० मीटरचे सुवर्ण ०.०३ सेकंदाने गेले. २०१६ मध्ये दुखावलेल्या घोट्यानिशी धावताना २०० मीटरच्या ऑलिंपिक संघातली जागा ०.०१ सेकंदाने गेली. रिओत ४०० मीटरच्या शेवटच्या पावलाला बहामाची शॉनी मिलर अक्षरशः रेषेवर झेपावली आणि ०.०७ सेकंदाने जिंकली. त्याच रिओत ४ बाय १०० च्या पात्रता फेरीत शेजारच्या लेनमधल्या ब्राझीलच्या धावपटूचा धक्का लागून फेलिक्सच्या हातातला बॅटन पडला; तक्रार मान्य झाली आणि अमेरिकेच्या चौघींना त्या संध्याकाळी रिकाम्या ट्रॅकवर, प्रतिस्पर्धी कोणी नसताना, घड्याळाविरुद्ध पुन्हा धावावे लागले. त्या पात्र ठरल्या, आणि अंतिम फेरीत आतल्या पहिल्या लेनमधून धावून त्यांनी सुवर्ण घेतले. मॉस्कोत २०१३ मध्ये २०० मीटरच्या अंतिम फेरीत वळणावरच तिच्या मांडीचा मागचा स्नायू फाटला आणि ती खाली बसली. तेव्हा तिला उचलून ट्रॅकबाहेर नेणारा माणूस तिचा भाऊ वेस होता. तो स्वतः धावपटू, पुढे तिचे करारमदार पाहणारा, आणि आता बुटाच्या कंपनीतला तिचा भागीदार. सेशच्या खोक्याकडे पाहताना मला ते दृश्य आठवते.

आता त्या करारांविषयी. २०१० च्या सुमारास ती नायकीकडे गेली होती आणि २०१७ अखेर तो करार संपला. नवा करार ठरत असताना, तिने नंतर वर्तमानपत्रात स्वतः लिहिल्याप्रमाणे, कंपनीने आधीपेक्षा ७० टक्के कमी रकमेचा प्रस्ताव ठेवला. त्याच काळात ती गरोदर राहिली. पोटाचा घेर दिसू नये म्हणून ढगळ कपडे आणि कोणी ओळखू नये म्हणून उजाडण्याआधी, पहाटेच्या काळोखात सराव: सहा ऑलिंपिक सुवर्णपदके नावावर असलेली बाई असे दिवस काढत होती. २८ नोव्हेंबर २०१८ ला, बत्तिसाव्या आठवड्यात, तीव्र प्रीएक्लॅम्प्सियामुळे तातडीने सिझेरियन करून तिची मुलगी कॅमरिन जन्माला आली आणि सुमारे महिनाभर नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात राहिली. गरोदरपणात रक्तदाब चढतो, लघवीतून प्रथिने जाऊ लागतात आणि आई व मूल दोघांचाही जीव धोक्यात येतो, असा हा विकार आहे.

तिची मागणी रकमेपुरती नव्हती. बाळंतपणाच्या आगेमागे काही महिने कामगिरी खालावली तर त्यासाठी पैसे कापले जाऊ नयेत, एवढे करारात लिहून द्यावे, असे तिचे म्हणणे होते. कंपनीने ते मान्य केले नाही, असे तिने २२ मे २०१९ च्या लेखात जाहीर केले. दहाच दिवस आधी आठशे मीटर धावणारी अलिसिया मोंटान्यो हिनेही हाच विषय मांडला होता. ऑगस्टमध्ये नायकीने आपले धोरण बदलले आणि गरोदर खेळाडूंना अठरा महिने कपातीपासून संरक्षण दिले. तोवर फेलिक्स मात्र अ‍ॅथलेटा या महिलांच्या कपड्यांच्या कंपनीकडे गेलेली होती. कपडे मिळाले, पण बूट कोणाचे घालायचे हा प्रश्न उरला, आणि त्या प्रश्नातून सेश निघाली.

इथे मला पी. टी. उषा यांची आठवण येते. फेलिक्सच्याच लॉस एंजलिसमध्ये, ती जन्मण्याच्या वर्षभर आधी, १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये उषा यांचे ४०० मीटर अडथळा शर्यतीचे कांस्य सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरांनाही पाठ असते. पण मुलगा झाल्यानंतर त्या पुन्हा ट्रॅकवर उतरल्या आणि १९९८ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, फुकुओकाच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी २०० आणि ४०० मीटरची कांस्यपदके मिळवली, हे कितीजणांना आठवते? हुकलेले पदक आपण जपून ठेवले आणि बाळंतपणानंतर कमावलेली पदके विसरलो.

६ ऑगस्ट २०२१. तोक्योत रात्र होती, कॅलिफोर्नियात पहाटेचे साडेपाच. मी तीन महिन्यांची गरोदर होते आणि मळमळीमुळे तशीही जागीच होते. आल्याचा चहा पुढे ठेवून, आवाज बंद करून ४०० मीटरची अंतिम शर्यत पाहिली. फेलिक्स नवव्या, म्हणजे सर्वांत बाहेरच्या लेनमध्ये होती. त्या लेनमध्ये धावपटू सगळ्यांच्या पुढे उभा असतो आणि शर्यतीचा बराच भाग त्याला पुढे कोणीही दिसत नाही. मागून येणाऱ्या पावलांवरून काय तो अंदाज. प्रेक्षकांविना रिकामे स्टेडियम, छत्तिसाव्या वर्षाकडे झुकलेली बाई आणि तिच्या पायांत स्वतःच्या कंपनीचे, खास तिच्यासाठी बनवलेले स्पाइक्स. मिलर (आता मिलर-उइबो) आणि डॉमिनिकन प्रजासत्ताकाची मारिलेइदी पॉलिनो पुढे निघून गेल्या. तिसऱ्या जागेसाठी शेवटच्या वीस मीटरमध्ये जमैकाची स्टेफनी मॅकफर्सन तिच्या बरोबरीने होती. फेलिक्सने ४९.४६ सेकंदांत रेषा ओलांडली आणि तिथेच ट्रॅकवर पाठ टेकून ती आडवी झाली. रिओत रौप्य घेताना तिला ४९.५१ सेकंद लागले होते. पाच वर्षे, एक सिझेरियन आणि वय जमेला धरूनही ती पाच शतांश सेकंदांनी जलद धावली होती, आणि तिचे खांदे तेव्हाही जागचे हलले नव्हते. दुसऱ्या दिवशी ४ बाय ४०० चे सुवर्ण घेऊन तिची ऑलिंपिक पदके ११ झाली आणि कार्ल लुईसचे १० मागे पडले.

मी बूट मागवला तो, खरे सांगायचे तर, त्या पहाटेमुळे. म्हणूनच तो पायात घालताना मी स्वतःला बजावले होते की स्पाइक्स वेगळे आणि हा बूट वेगळा. स्पाइक्स म्हणजे चवड्याखाली कडक पट्टी आणि खिळे, टाचेला जवळजवळ काही नाही. ते घालून घरापासून मैदानापर्यंत चालतही जाता येत नाही. सेश वन हा त्याच्या नेमका उलट, नाडीचा, दिसायला साधा, ऑफिसात जीन्सबरोबर आणि दिवाळीच्या कार्यक्रमाच्या तयारीत खुर्च्या लावताना सलवार-कमीजबरोबरही खपून जाणारा बूट आहे. त्याची रचना नॅटली कँड्रियन आणि टिफनी बीअर्स यांची आहे. बीअर्स यांनी त्याआधी नायकीत आपोआप नाडी आवळणाऱ्या बुटावर काम केले होते.

कंपनीचा मुख्य दावा फर्म्याविषयी आहे. फर्मा म्हणजे पावलाच्या आकाराचा तो ठोकळा, ज्याच्यावर बूट चढवून घडवतात. बाजारातले बायकांचे कित्येक बूट पुरुषांच्या फर्म्यावरून आकार लहान करून आणि रंग बदलून बनवले जातात, ही जुनी तक्रार आहे. पण बाईचे पाऊल म्हणजे पुरुषाच्या पावलाची लहान प्रत नसते: चवड्याच्या मानाने टाच अरुंद असते. पुरुषी फर्म्याच्या बुटात चवडा नीट बसला तर टाच आत खेळते आणि मागे फोड येतो. टाच घट्ट बसेल असा नंबर घेतला तर करंगळी चेपते. मी वर्षानुवर्षे दुसऱ्या प्रकारचे बूट घेत आले आणि चेपणे हा आपल्या पायाचा दोष मानत आले. सेशने बाईच्या पावलाच्या फर्म्यावर बूट बेतला आहे.

त्याचा प्रत्यक्ष परिणाम असा: पहिल्या दिवशी नाडी बांधून उभी राहिले तेव्हा टाच मागे धरली गेल्याचे जाणवले, आणि पुढे पाचही बोटे मोजता येतील इतकी मोकळी होती. घरातल्या कोठीपासून बाहेरच्या दारापर्यंत मी चार फेऱ्या मारल्या, मुद्दाम जिना उतरले, कारण टाच सुटते ती उतरताना. सुटली नाही. कोल्हापुरी चपलेला जसे तेल लावून, चार दिवस पाय सोलवटून घेऊन आपलेसे करावे लागते तसे इथे काहीच करावे लागले नाही, आणि हे सांगताना थोडे वाईटही वाटते, कारण पाय सोलवटून घेण्यातच चपलेची पारख आहे असे मानणाऱ्या घरात मी वाढले. आईने बूट हातात घेऊन उलटसुलट पाहिला, किंमत विचारली, मनात गुणाकार केला आणि म्हणाली, "बारा हजार? आणि चालायलाच?" मग स्वतःच्या पायात घालून पाहिला. "चावत नाही खरा," एवढाच तिचा शेरा.

दोन वर्षांच्या वापरात तो मी आठवड्यातून साधारण पाच दिवस घातला आहे: बाबागाडी ढकलत रोज दोन-तीन किलोमीटर, ऑफिसात उभ्याने काम, किराणा, विमानतळ. आज सोल पाहिला तर दोन्ही बुटांच्या टाचेचा बाहेरचा कोपरा झिजून तिरका झाला आहे, पण तो माझ्या चालीचा गुण आहे. माझी प्रत्येक चप्पल तिथेच झिजते. डाव्या बुटात अंगठ्याखाली गादी किंचित बसली आहे. पांढरट रंग सांभाळावा लागतो, हे घेणाऱ्याने गृहीत धरावे. ओल्या फडक्याने डाग निघतात, हळदीचा निघाला नाही.

एकदा मी तो घालून पळून पाहिले. मुलीला पाळणाघरातून आणायला उशीर झाला होता, दोनशे मीटर असतील नसतील. पळता येते, पण हा बूट पाऊल पुढे ढकलत नाही; चवड्यावर उडी घेण्यापेक्षा त्याला सपाट पडणे पसंत आहे. रोजच्या पळण्यासाठी मी वेगळा जोड ठेवला आहे आणि तसाच तो ठेवावा. जगातल्या वेगवान बाईचा बूट म्हणून तो घेतला आणि पळताना निराशा झाली, असे कोणी म्हणत असेल तर ती चूक बुटाची धरता येणार नाही.

आता ज्या गोष्टीमुळे हा बूट माझ्या ओळखीच्या बायकांत चर्चेचा झाला ती सांगते. गरोदरपणामुळे ग्राहकाच्या पावलाचा नंबर बदलला तर कंपनी नव्या नंबरचा जोड देईल, असे सेशने जाहीर केले होते. यामागे शरीरशास्त्र आहे. गरोदरपणात रिलॅक्सिन या संप्रेरकामुळे सांध्यांचे बंध सैल होतात, वाढलेल्या वजनाने पावलाची कमान खाली बसते, पाऊल लांब आणि रुंद होते, आणि पुष्कळ बायकांत ते पुन्हा पूर्ववत होत नाही. म्हणजे आईचे "पाय पसरतो" हे अगदी नेमके निदान होते. मला स्वतःला या सोयीचा उपयोग झाला नाही, कारण मी पसरलेल्या पायानेच पहिला जोड घेतला. त्यामुळे ती प्रत्यक्षात कशी चालते याविषयी माझा अनुभव नाही आणि या सोयीसाठी मी बुटाला वेगळे गुण देत नाही. तरीही ज्या बाईला बाळंतपणासाठी करारात चार ओळी मिळाल्या नाहीत तिने आपल्या ग्राहकांसाठी त्या लिहून ठेवाव्यात, यात मला तिच्या पदकांइतकेच कर्तृत्व दिसते. माझा नवरा यावर म्हणाला की ही जाहिरातही आहे. आहेच, बुटाची कंपनी बूट विकणारच.

किमतीचा प्रश्न उरतो. १५० डॉलरमध्ये चालण्याचे दोन बरे जोड येतात. तिसऱ्या वर्षात गेलेल्या बुटाचा हिशेब मांडला तर हा महाग पडला नाही, पण ज्यांच्या पायाला बाजारातला कोणताही बूट चपखल बसतो त्यांना तो महागच पडेल. रुंद चवडा आणि अरुंद टाच, ही अडचण ज्यांना आहे त्यांनी मात्र जरूर विचार करावा. संकेतस्थळावरून मागवताना पायात घालून पाहता येत नाही, म्हणून एक सुचवते: माप संध्याकाळी घ्यावे, दिवसभर उभे राहून पाय भरलेले असतात तेव्हा, दोन्ही पावलांचे घ्यावे, कारण मोठे पाऊल कोणते हे बहुतेकींना ठाऊक नसते, आणि भारतातून मागवणाऱ्या मैत्रिणींनी आपला भारतीय नंबर डोळे मिटून अमेरिकी तक्त्यात शोधू नये, सेंटिमीटरमध्ये मोजलेली लांबी धरावी. बाळंतपणाला सहा महिने झाले नसतील तर मी थोडे थांबून माप घेईन, कारण सूज कुठली आणि वाढलेले पाऊल कुठले हे त्याआधी कळत नाही.

फेलिक्स २०२२ मध्ये निवृत्त झाली, तीही तिच्या स्वभावाला साजेशी. युजीनच्या जागतिक स्पर्धेत मिश्र रिलेचे कांस्य घेऊन ती निरोप घेऊन घरी परतली होती. आठवडाभरात संघाने तिला पुन्हा बोलावले, तिने ४ बाय ४०० ची पात्रता फेरी धावून दिली आणि अंतिम फेरीतल्या चौघींच्या विजयाने तिचे विसावे जागतिक पदक झाले. पुढच्या वर्षी रिओच्या त्या रिले संघातली तिची सोबतीण टोरी बोवी गरोदरपणातल्या गुंतागुंतीने गेली. त्या चौघींपैकी टोरी, टिआना बार्टोलेटा आणि स्वतः फेलिक्स अशा तिघींना गरोदरपणात जिवावरचे प्रसंग आले, आणि अमेरिकेत कृष्णवर्णीय मातांचे मृत्यू गोऱ्या मातांच्या मानाने कितीतरी अधिक आहेत, हे फेलिक्सने २०१९ मध्येच अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे जाऊन सांगितले होते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये खेळाडूंच्या निवासात मुलांसाठी पाळणाघर उभे राहिले, त्यामागेही तिचा पाठपुरावा होता.

दुसरा जोड मी अजून घेतलेला नाही, कारण पहिला अजून फाटत नाही. जोडवी सोनाराकडून वाढवून आणली आहेत. ती घालूनही या बुटात बोटांना जागा पुरते, हे मी मागच्या गणपतीत दिवसभर घालून पाहिले आहे.